फुसका बार झालेले तारे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकहून दिंडोरीकडे जाताना एका मित्राची द्राक्षबाग लागते. तिच्या बांधावर आम्ही काही जण हिवाळाभर दुर्बिणी मांडतो. शाळकरी मुलं येतात, निवृत्त शिक्षक येतात, बागेत कामाला असलेली माणसंही हात धुऊन येऊन उभी राहतात. गेल्या हंगामात एका रात्री मी फुटणाऱ्या श्वेत बटूंबद्दल बोलले, त्यातही फुटूनसुद्धा फारसे न उजळणाऱ्यांबद्दल. तेव्हापासून व्हॉट्सअॅपवर प्रश्न येतच आहेत. एकेकाला वेगळं उत्तर देण्याऐवजी सगळी उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. काही उत्तरं दोन ओळींची आहेत, काही लांबलचक. जी लांबली आहेत त्या विषयांवर माझा विशेष जीव आहे.

श्वेत बटू म्हणजे नेमकं काय?

जानेवारीत रात्री नऊच्या सुमारास मृगाच्या खाली डावीकडे जो लखलखीत तारा दिसतो तो व्याध. त्याला एक छोटा जोडीदार आहे, व्याध-ब. आपल्याला सगळ्यात जवळचा श्वेत बटू हाच. त्याचं वस्तुमान सूर्याएवढं आणि आकारमान जेमतेम पृथ्वीएवढं. त्यातला चहाच्या चमच्यात मावेल एवढा ऐवज काही टन भरेल.

सूर्यासारख्या ताऱ्याचं इंधन संपलं की बाहेरचे थर उडून जातात आणि मधला गाभा उरतो. तो बहुतांशी कार्बन आणि ऑक्सिजनचा असतो. आत काही जळत नसतं, नुसता तापलेला गोळा हळूहळू निवत असतो. इलेक्ट्रॉन एका मर्यादेपलीकडे एकमेकांजवळ दाटीवाटीने बसायला तयार नसतात, त्या जोरावर तो स्वतःच्या वजनाखाली कोसळत नाही.

आपला सूर्य असा फुटेल का?

नाही. साधारण पाच अब्ज वर्षांनी सूर्याचाही श्वेत बटू होईल, पण तो एकटा आहे. एकटा श्वेत बटू फुटत नाही, निवत जातो. व्याध-बला जोडीदार आहे, पण दोघं एवढ्या अंतरावरून फिरतात की एका प्रदक्षिणेला ५० वर्षं लागतात. त्यालाही सध्या धोका नाही.

मग फुटतो कोण?

ज्याचा जोडीदार फार जवळ आहे तो. श्वेत बटू शेजारच्या ताऱ्याचा वायू ओढून घेतो आणि जड होत जातो. सूर्याच्या १.४ पट वस्तुमान ही त्याची मर्यादा. १९३० साली एकोणीस वर्षांचे सुब्रह्मण्यन चंद्रशेखर बोटीने इंग्लंडला निघाले होते, त्या प्रवासात त्यांनी या मर्यादेचं गणित मांडलं. या मर्यादेच्या जवळ आलं की गाभ्यातला कार्बन पेटतो. साधा तारा तापला की फुगतो आणि फुगल्यावर थोडा निवतो, म्हणजे त्याला शिट्टी असते. श्वेत बटूचा दाब तापमानावर अवलंबून नसतो, त्यामुळे तो शिट्टी नसलेला कुकर आहे. तापला की आणखी जळतो, जळला की आणखी तापतो.

दुसरेही रस्ते आहेत. दोन श्वेत बटू एकमेकांभोवती गरगरत अखेर एकमेकांत मिसळू शकतात. किंवा मर्यादेच्या बऱ्याच आधी श्वेत बटूच्या अंगावर साचलेला हेलियमचा थर भडकतो आणि त्याच्या धक्क्याने आतला कार्बन पेटतो. कोणता तारा कोणत्या रस्त्याने गेला हे ठरवणं हाच या विषयातला मुख्य झगडा आहे. अंधुक स्फोट मला महत्त्वाचे वाटतात ते याचसाठी.

अंधुक म्हणजे किती अंधुक?

श्वेत बटूच्या नेहमीच्या स्फोटाला टाइप वन-ए सुपरनोव्हा म्हणतात. त्याची निरपेक्ष प्रत (ताऱ्याचं खरं तेज मोजायचं माप, आकडा जितका जास्त उणे तितकं तेज जास्त) उणे १९.३ च्या आसपास जाते, म्हणजे अब्जावधी सूर्यांचं तेज. आठवडा-दोन आठवडे एकटा तारा अख्ख्या दीर्घिकेशी बरोबरी करतो.

१९९१ च्या डिसेंबरात कन्या राशीतल्या एम ८४ दीर्घिकेत एसएन १९९१बीजी सापडला (एसएन म्हणजे सुपरनोव्हा, पुढे सापडल्याचं वर्ष आणि ओळखीची अक्षरं). नेहमीच्या स्फोटांपेक्षा तो दोन-अडीच प्रतींनी कमी होता, म्हणजे सहा ते दहा पट मंद. तेव्हा हेच फार वाटलं होतं. मग २००८ साली महाश्व तारकासमूहातल्या एका वेड्यावाकड्या छोट्या दीर्घिकेत एसएन २००८एचए दिसला. त्याची प्रत होती उणे १४.२. पाच प्रतींचा फरक म्हणजे शंभर पट. २०२१ मध्ये सापडलेला एसएन २०२१एफसीजी उणे १२.७ च्या आसपासच अडकला, म्हणजे नेहमीच्या स्फोटाच्या चारशेव्या भागाइतकाही नाही.

हे लांब असल्यामुळे किंवा मधे धूळ असल्यामुळे अंधुक दिसत असतील, असं नाही का?

शंका रास्त आहे आणि ती आधी तपासूनच पुढे जातात. दीर्घिकेचं अंतर माहीत असलं की अंतराचा हिशेब वजा करता येतो. धुळीने प्रकाश लालसर होतो, पण वर्णपटातल्या, म्हणजे प्रकाश रंगांत फोडल्यावर मिळणाऱ्या पट्ट्यातल्या, मूलद्रव्यांच्या रेषा बदलत नाहीत. १९९१बीजीच्या वर्णपटात टायटॅनियमच्या ठसठशीत रेषा होत्या. स्फोटातला वायू नेहमीपेक्षा थंड असेल तरच त्या उमटतात. शिवाय तो विझलाही झपाट्याने. नेहमीचा स्फोट कमाल तेजानंतरच्या १५ दिवसांत निळ्या प्रकाशात १.१ प्रतीने उतरतो, हा १.९ ने उतरला. धूळ असं काही करू शकत नाही.

तेज कमी पडतं ते कशामुळे?

निकेलमुळे. कार्बन आणि ऑक्सिजन भडकून जळतात तेव्हा त्यातून निकेल-५६ हे किरणोत्सारी निकेल तयार होतं. त्यातलं निम्मं सहा दिवसांत कोबाल्ट होतं, त्या कोबाल्टातलं निम्मं ७७ दिवसांत लोखंड होतं. या बदलात जी ऊर्जा सुटते तीच आपल्याला प्रकाश म्हणून दिसते. स्फोटाचा धमाका असतो काही सेकंदांचा, पुढचे महिनोन् महिने जे चमकतं ते निकेल.

नेहमीच्या स्फोटात सूर्याच्या ०.६ पट निकेल बनतं. १९९१बीजीत ०.१ च्या आत बनलं. २००८एचएमध्ये ०.००३. हा आकडा ऐकून कुणाला तो नगण्य वाटला, म्हणून सांगते, ते निकेलही हजार पृथ्व्या घडतील एवढं होतं. विश्वातल्या लोखंडाचा मोठा वाटा अशाच स्फोटांतून आला आहे. ऑक्टोबर छाटणीला हातात धरता त्या कात्रीतल्या लोखंडातही तो वाटा आहे.

अंधुक स्फोट सगळे एकाच प्रकारचे असतात का?

अजिबात नाही, आणि इथेच पुष्कळांची गफलत होते. किमान तीन घराणी वेगळी काढता येतात. पहिलं १९९१बीजीचं: लवकर विझणारे, लालसर, थंड. दुसरं वन-ए-एक्स: त्यात २००२सीएक्स, २००५एचके, २००८एचए वगैरे येतात. तिसरं कॅल्शियमवाल्यांचं, त्यांची ओळख २००५ई या सुपरनोव्हाने झाली. तेज कमी, एवढंच त्यांच्यात सारखं आहे. राहण्याची ठिकाणं वेगळी, वयं वेगळी, मरणाची रीतही बहुधा वेगळी.

वन-ए-एक्सला तुम्ही ‘फुसका बार’ का म्हणता?

लहानपणी दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गल्लीत न फुटलेले फटाके गोळा करायचो. पंचवटीत आमच्या वाड्यासमोर लाल कागदाचा सडा पडलेला असायचा, त्यात वात जळालेले पण पोट शाबूत असलेले लवंगी आणि सुतळी बॉम्ब हमखास सापडायचे. ते सोलून आतली करडी दारू वर्तमानपत्राच्या तुकड्यावर काढायची आणि काडी लावायची. आवाज व्हायचा नाही. फुर्र करून एक पिवळा जाळ उठायचा, कागद काळा पडायचा आणि कडेला थोडी दारू तशीच उरायची. (हे कुणी करू नये. माझ्या मोठ्या भावाच्या भुवया त्यात गेल्या होत्या.)

दारू तीच, पण जळण्याची तऱ्हा दोन प्रकारची. ज्वाला ध्वनीच्या वेगापेक्षा हळू पसरली तर ते नुसतं जळणं. ध्वनीपेक्षा वेगाने धक्क्याची लाट पुढे गेली तर खरा बार. नेहमीच्या वन-ए स्फोटात शेवटी अशी लाट तयार होते आणि श्वेत बटूचा कण न् कण उधळतो, हे जवळपास सर्वमान्य आहे. वन-ए-एक्समध्ये, आज सर्वाधिक पटणाऱ्या चित्रानुसार, आतली आग शेवटपर्यंत जळणंच राहते. बार होतच नाही. ताऱ्याचा काही भाग उडतो, उरलेला पुन्हा एकत्र बसतो.

पुरावा वेगाचा आहे. नेहमीच्या स्फोटात वायू सेकंदाला १०,००० किलोमीटर किंवा त्याहून जोरात बाहेर पडतो. मे २००२ मध्ये सापडलेल्या २००२सीएक्समध्ये तो वेग निम्म्यावर होता. २००८एचएमध्ये सेकंदाला २,००० किलोमीटरवर आला. २००२सीएक्सचा वर्णपट तर सुरुवातीला फार तेजस्वी, फार तप्त सुपरनोव्हांसारखा होता, आणि तेज मात्र कमी. कुठल्याच चौकटीत न बसणाऱ्या या ताऱ्याला अभ्यासकांनी ‘सर्वात विचित्र’ म्हणून ठेवलं. मग तसे आणखी सापडत गेले. २०१३ मध्ये पंचवीस जण एकत्र मांडून त्यांचा वेगळा वर्ग केला गेला.

असे स्फोट दुर्मीळ आहेत का?

दुर्मीळ दिसतात, पण आहेत बरेच. मंद असल्यामुळे जवळचेच सापडतात. २०१३ चा अंदाज असा होता की शंभर नेहमीच्या वन-एमागे तीसेक वन-ए-एक्स घडत असावेत. नंतरच्या काही मोजण्यांनी तो निम्म्यावर आणला. १९९१बीजीचं घराणं ठरावीक अंतराच्या आतल्या सगळ्या वन-ए स्फोटांत सुमारे १५ टक्के भरतं.

म्हणजे स्फोटानंतर तारा वाचतो?

वन-ए-एक्समध्ये, हो, असंच दिसतं. हे पहिल्यांदा वाचलं त्या रात्री मला झोप लागली नव्हती. शाळेत आपण शिकलो की सुपरनोव्हा म्हणजे ताऱ्याचा मृत्यू. इथे तर तारा स्फोटातून बाहेर येतो, भाजलेला, हलका झालेला, पण जिवंत.

एलपी ४०-३६५ नावाचा एक तारा २०१७ मध्ये चर्चेत आला. तो आकाशगंगा सोडून चालला आहे, वेग सेकंदाला सुमारे ८५० किलोमीटर. नाशिकहून निघाला तर एका सेकंदात नागपूरच्या पार पलीकडे. त्याच्या अंगावर हायड्रोजन नाही, हेलियम नाही. निऑन, ऑक्सिजन, मॅग्नेशियम आहे. एखाद्या ताऱ्याच्या आतला भाग बाहेर आल्यासारखा. अर्धवट स्फोटात तो जोडीदारापासून सुटून भिरकावला गेला असावा, असा निष्कर्ष निघतो.

दुसरा दाखला २०१२झेडचा. एनजीसी १३०९ या सुमारे ११ कोटी प्रकाशवर्षं दूरच्या दीर्घिकेतला हा स्फोट. सुदैवाने हबल दुर्बिणीने स्फोटाच्या कित्येक वर्षं आधीच त्या दीर्घिकेचे खोल फोटो घेतले होते. स्फोटाच्या जागी त्यात एक निळा तारा सापडला, बहुधा श्वेत बटूला हेलियम पुरवणारा जोडीदार. श्वेत बटूच्या स्फोटाआधीची अशी जोडी फोटोत सापडण्याची ती पहिलीच वेळ. स्फोट ओसरल्यावर तिथे परत पाहिलं, तर तो उजेड गेला नव्हता. उलट आधीपेक्षा जास्त होता. त्यात जोडीदाराचा वाटा किती आणि वाचलेल्या, अजून तापलेल्या श्वेत बटूचा किती, यावर काम चालू आहे.

दीर्घिकेवरून काय कळतं? तारा कुठेही फुटला तरी काय फरक पडतो?

माझ्या मते सगळ्यात मोलाचा प्रश्न हाच. तारा फुटून गेला, आता त्याचं वय कसं विचारणार? शेजाऱ्यांना विचारायचं.

आमच्या पंचवटीतल्या वाड्यात आता फक्त आजी-आजोबा राहतात, मुलं पुण्या-मुंबईला. तिकडे पाथर्डी फाट्याच्या नव्या सोसायट्यांत संध्याकाळी जिन्यात लहान सायकलींची रांग असते. एखाद्याचं नाव-गाव काही माहीत नसलं, तरी तो कुठल्या इमारतीत राहायचा एवढं कळलं तर वयाचा अंदाज बांधता येतो. दीर्घिकांचंही तसंच आहे. एम ८४ सारख्या लंबवर्तुळाकार दीर्घिकांत नवे तारे जन्मायचे कधीच थांबले. तिथे उरलेत ते म्हातारे, लालसर, कमी वस्तुमानाचे तारे. सर्पिलाकार दीर्घिकांच्या भुजांत आणि विस्कळीत छोट्या दीर्घिकांत अजून प्रसूतिगृह चालू आहे.

१९९१बीजीचं घराणं बहुतेक करून म्हाताऱ्या घरांत सापडतं. यावरून असं दिसतं की हे श्वेत बटू जन्मल्यावर कित्येक अब्ज वर्षं थांबून मग फुटतात. दोन हलके श्वेत बटू हळूहळू जवळ येत अखेर मिसळतात, या कल्पनेला हा उशीर मानवतो. दक्षिणेच्या आकाशात एनजीसी १३१६ नावाची एक प्रचंड दीर्घिका आहे. १९८० ते २००६ एवढ्या काळात तिथे चार वन-ए सुपरनोव्हा दिसले. त्यांतला २००६एमआर याच अंधुक, चटकन विझणाऱ्या घराण्यातला. एकाच घरात, एकाच अंतरावर, तेजस्वी आणि मंद दोन्ही. तुलनेला यापेक्षा चांगली जागा मिळणार नाही. अपवादही आहेत: १९९९बीवाय हा याच घराण्यातला तारा एनजीसी २८४१ या सर्पिलाकार दीर्घिकेत फुटला. पण सर्पिलाकार दीर्घिकेतही म्हातारे राहतातच.

वन-ए-एक्सचा पत्ता याच्या अगदी उलट. ते जवळपास सगळे तरुण वस्तीत फुटतात. २००८एचएच्या आसपासच्या ताऱ्यांचं वय हबलच्या फोटोंवरून काढलं तर ते आठ कोटी वर्षांपेक्षा कमी निघालं. ताऱ्यांच्या हिशेबात हे बाळंतपणाचे दिवस. इतक्या लवकर श्वेत बटू व्हायचं तर मूळ तारा सूर्याच्या पाच-सात पट जड हवा, आणि त्याला भराभर खाऊ घालणारा जोडीदार हवा. हेलियमचा तारा या वर्णनात चपखल बसतो. २०१२झेडच्या जागी सापडलेला निळा तारा आठवा. पत्त्यावरून काढलेला अंदाज आणि फोटोत दिसलेला शेजारी, दोन्ही एकाच गोष्टीकडे बोट दाखवतात.

एक अपवाद मात्र सतावतो. २००८जीई हा वन-ए-एक्स एनजीसी १५२७ या नवे तारे न घडवणाऱ्या, म्हाताऱ्या दीर्घिकेत फुटला. एकाच वर्गात दोन वेगळ्या जन्मकथा दडल्या असतील का? मला तरी तसं वाटतं.

२००८एचए हा श्वेत बटू नव्हताच, असंही वाचलं. खरं काय?

तसं मत मांडलं गेलं होतं. एवढी कमी ऊर्जा आणि तरुण परिसर बघून काहींनी म्हटलं की हा एखाद्या जड ताऱ्याचा गाभा कोसळल्याचा क्षीण स्फोट असावा. पण त्याच्या सुरुवातीच्या वर्णपटात गंधक आणि सिलिकॉन दिसले. कार्बन-ऑक्सिजन जळाल्याची ती खूण. शिवाय २००२सीएक्सपासून २००८एचएपर्यंत मधल्या तेजाचे अनेक जण नंतर सापडले. त्यामुळे बहुतेक जण आता त्याला त्याच घराण्यात धरतात.

कॅल्शियमवाले सुपरनोव्हा काय आहेत?

२००५ई हा एनजीसी १०३२ या कडेवरून दिसणाऱ्या दीर्घिकेचा. ‘चा’ म्हणायचं, पण तो तिच्या केंद्रापासून सुमारे ७५,००० प्रकाशवर्षं दूर, जिथे धड तारेही नाहीत अशा जागी फुटला. वायू विरळ झाल्यावर त्याच्या वर्णपटात कॅल्शियमच्या रेषा इतक्या उठून आल्या की बाकीच्या फिक्या पडल्या. तेजाने हे नोव्हा (श्वेत बटूच्या पृष्ठभागावरचा छोटा भडका) आणि नेहमीचा सुपरनोव्हा यांच्या मधल्या मोकळ्या जागेत बसतात, उणे १६ च्या आसपास.

या घराण्याचं कोडं ठिकाणाचंच आहे. त्यातले बरेचसे दीर्घिकांच्या अगदी वेशीबाहेर सापडतात. तिथे एखादी लपलेली बटू दीर्घिका किंवा तारकागुच्छ असेल म्हणून मोठ्या दुर्बिणींनी खोल फोटो काढले, काही सापडलं नाही. म्हणजे ही जोडपी तिथे जन्मली नसावीत. फिरत फिरत, किंवा कुणी भिरकावल्यामुळे, तिथवर पोचली असावीत. केंद्रातल्या महाकाय कृष्णविवराने त्यांना बाहेर फेकलं, असाही एक प्रस्ताव आहे. मला तो आकर्षक वाटतो, पण अजून पुरेसा पटलेला नाही.

आणखी एक खुलासा. कॅल्शियमच्या रेषा ठळक आहेत म्हणून कॅल्शियमचं प्रमाण तेवढंच जास्त, असं नाही. विरळ, गरम वायूत थोडं कॅल्शियमही जोरात चमकतं. मोरचूद-चुन्याचं मिश्रण फवारलेली बाग लांबूनच ओळखू येते, पण पानावर थर असतो तो केसाएवढा. आधी काढलेली कॅल्शियमची मोठी प्रमाणं म्हणूनच नंतर सावधपणे बघितली जाऊ लागली.

असा स्फोट आपल्या आकाशगंगेत कधी दिसला आहे का?

दिसला असावा, आणि ही गोष्ट सांगताना मला दर वेळी उभारी येते.

ऑगस्ट ११८१ मध्ये चीन आणि जपानच्या निरीक्षकांनी शर्मिष्ठा तारकासमूहात एक ‘पाहुणा तारा’ नोंदवला. तो १८५ दिवस दिसत राहिला आणि मग मावळला. त्याचे अवशेष कुठे आहेत हे शेकडो वर्षं कुणाला नीट सांगता येत नव्हतं. २०१३ मध्ये डेना पॅचिक या हौशी निरीक्षकाला अवरक्त दुर्बिणीच्या जुन्या नोंदींत एक गोल तेजोमेघ सापडला. त्याचं नाव पीए ३०. मध्यभागी एक तारा आहे, त्याचं तापमान दोन लाख अंशांच्या घरात. त्याच्यापासून सेकंदाला १५,००० किलोमीटरहून जास्त वेगाने वारा सुटला आहे. हायड्रोजन-हेलियम नाही. तेजोमेघ ज्या वेगाने पसरतो आहे तो उलटा मोजत नेला की हिशेब ११८१ च्या आसपास येतो. दोन श्वेत बटू मिसळले, स्फोट झाला, पण पूर्ण झाला नाही, असं हे चित्र आहे. म्हणजे पीए ३० हा जवळचा, उघड्यावर पडलेला वन-ए-एक्स. अंतर साडेसात हजार प्रकाशवर्षं.

२०२३ मध्ये त्याचे गंधकाच्या प्रकाशात घेतलेले फोटो प्रसिद्ध झाले. केंद्रापासून निघालेले सरळ, बारीक तंतू, जणू एखादं भुईनळं मधेच थिजलं आहे. मी तो फोटो बागेत मोबाईलवर दाखवला, तेव्हा मित्राने दुपारीच भुरीसाठी, म्हणजे द्राक्षावरच्या बुरशीसाठी, गंधकाची धुरळणी केली होती. पानापानावर पिवळसर भुकटी, बोटांना तोच वास. फोटोतलाही गंधकच आहे असं सांगितल्यावर बागेतल्या एका मावशींनी मोबाईल हातात घेऊन बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, “मग तिथं भुरी व्हायची नाही.”

मला नेहमी वाटतं, तेव्हा आपल्याकडे कुणी तो तारा पाहिला असेल. देवगिरी अजून राजधानी व्हायची होती. यादवांचं जुनं ठाणं सिन्नर. गोंदेश्वराचं देऊळ ११व्या-१२व्या शतकातलं. ऑगस्ट म्हणजे इथे श्रावणाचे ढग, पण तारा फेब्रुवारीपर्यंत होता. कार्तिकातल्या स्वच्छ रात्री सिन्नरच्या अंगणातून उत्तरेला पाहणाऱ्याला शर्मिष्ठेत एक तारा जास्तीचा दिसलाच असणार.

विश्वाचं प्रसरण मोजणाऱ्यांना हे अंधुक तारे अडचणीचे ठरतात ना?

ठरतात. सावकाश विझणारा वन-ए जास्त तेजस्वी, भरभर विझणारा कमी तेजस्वी, हा नियम १९९३ मध्ये मांडला गेला. त्यामुळे हे सुपरनोव्हा अंतर मोजायला वापरता आले आणि १९९८ मध्ये विश्वाचं प्रसरण वेग घेतं आहे हे कळलं. २०११ चं नोबेल त्यासाठीच होतं. वन-ए-एक्स हा नियम पाळत नाहीत. विझण्याच्या वेगावरून त्यांचं तेज काढलं तर उत्तर सपशेल चुकतं. म्हणून मोजणीत ते मिसळू नयेत यासाठी आधी त्यांना ओळखावं लागतं.

पण मला त्यांना ‘भेसळ’ म्हणणं पटत नाही. कार्बन कसा पेटतो, कुठे थांबतो, हे या अर्धवट स्फोटांइतकं उघडपणे कुणीच दाखवत नाही. पूर्ण फुटलेल्या फटाक्यावरून त्याची बांधणी कळत नाही, फुसक्यावरून कळते.

भारतातून यावर काम होतं का?

होतं, आणि चांगलं. २००५एचकेचा वर्षभराहून जास्त काळ मागोवा लडाखमधल्या हानले इथल्या २ मीटरच्या हिमालयन चंद्र दुर्बिणीने घेतला (हे ‘चंद्र’ म्हणजे वरचे चंद्रशेखर). एम ६१ मध्ये फुटलेल्या २०१४डीटीचा अभ्यासही भारतीय गटाने प्रसिद्ध केला. नैनितालजवळ देवस्थळला ३.६ मीटरची दुर्बीण आहे. आपल्याला जवळचं म्हणजे जुन्नर तालुक्याच्या बाजूला गिरवली इथे आयुकाची, म्हणजे पुण्यातल्या खगोलशास्त्र केंद्राची, २ मीटरची दुर्बीण. पुण्याला जाता-येता नारायणगावात थांबता तेव्हा खोडदची महाकाय रेडिओ दुर्बीणही तिथून फार लांब नसते.

आमच्यासारख्यांना काही शोधता येईल का? नाशिकहून काय बघता येईल?

येईल. १९९१बीजी शोधला तो जपानच्या हौशी निरीक्षक रेइकी कुशिदा यांनी. २००८एचए शोधला तो अमेरिकेतल्या कॅरोलिन मूर या चौदा वर्षांच्या मुलीने, संगणकावर फोटो जुळवून बघता बघता. पीए ३० चं वर सांगितलंच. तिघांनीही आकाशाचे फोटो चिकाटीने पाहिले, एवढंच. आता मोठ्या सर्वेक्षणांचे फोटो सगळ्यांना खुले आहेत. घरी बसून करता येईल असं काम पुष्कळ आहे. ज्यांना सुरुवात कुठून करायची कळत नाही त्यांनी आधी त्र्यंबक रोडवरच्या तारांगणात एक खेळ बघून यावा.

डोळ्यांनी बघायचं तर एप्रिलमध्ये रात्री अकराच्या सुमारास कन्या रास डोक्यावर येते. आठ इंची दुर्बिणीतून एम ८४ एक धूसर ठिपका म्हणून दिसते. शहरातून नाही, पेठ रोडने दिवे मागे टाकेपर्यंत जावं लागतं. त्या ठिपक्यात आता स्फोट नाही, पण तो कुठे झाला होता ती जागा तीच.

आणि नोव्हेंबरात रात्री नऊला उत्तरेकडे तोंड करा. शर्मिष्ठेचा एम आकार आकाशात मध्यावर असतो. त्याच्या मधल्या ताऱ्याला धरून हात लांब करा आणि ध्रुवाच्या दिशेला, म्हणजे खाली, चार बोटं मोजा. पीए ३० तिथे आहे. डोळ्यांना तिथे काहीच दिसत नाही, आमच्या दुर्बिणीतूनही नाही. गेल्या खेपेला एका मुलाने चार बोटं मोजली, त्या काळ्या जागेकडे बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, “ताई, तो अजून गरम आहे?” आहे. दोन लाख अंश.